घाईचे फोटो

डोंगर चढणं आणि पक्ष्यांचे फोटो काढणं हे दोन छंद एकाच सॅकमध्ये मावतात, असं मला बरीच वर्षं वाटत होतं. दोन्हींसाठी पहाटे उठायचं, दोन्हींसाठी शहराबाहेर पडायचं, मग एकाच पेट्रोलमध्ये दोन्ही का उरकू नयेत? बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या माणसाचं हे साधं गणित आहे. आठवडाभर सिल्क बोर्डच्या चौकात आणि आउटर रिंग रोडवर त्याचे तासच्या तास गेलेले असतात. शनिवारची सकाळ तरी फुकट जाऊ नये म्हणून तो वाटेल ते करायला तयार होतो. मीही केलं. त्यातलं बरंचसं चारचौघांत सांगण्यासारखं नाही, तेच इथे सांगते.

किरकोळ चुका आधी बाजूला काढते, कारण त्या सगळेच करतात. मेमरी कार्ड घरी लॅपटॉपलाच लावलेलं राहणं. एसी गाडीतून कॅमेरा थेट नंदीच्या धुक्यात बाहेर काढणं आणि लेन्सवर धरलेलं बाष्प पुसण्यात अख्खा सूर्योदय घालवणं. पावसाळी ट्रेकहून आल्यावर ओली सॅक तशीच कपाटात ढकलणं आणि दिवाळीत लेन्समधली बुरशीची जाळी पाहून दुकानदाराशी वाद घालणं. (दुकानदाराचंच बरोबर होतं.) या चुकांनी माझे पैसे गेले, दुसऱ्या कुणाचं काही बिघडलं नाही. पुढच्या चुकांबद्दल तसं म्हणता येत नाही.

मी मूळची साताऱ्याची. सह्याद्रीत पाय तयार झालेल्या माणसाला बेंगळुरूभोवतीचे डोंगर सुरुवातीला डोंगरच वाटत नाहीत. कडे नाहीत, घाट नाही, खिंड नाही. सपाट पठारावर मधेच एखादा अवाढव्य धोंडा, कुणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. आपला काळा कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. रामनगर-मागडीकडचा गुलाबी-करडा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. भूशास्त्रात त्याला ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणतात. क्लोजपेट हे रामनगरचं इंग्रजी अमदानीतलं नाव. वयात एवढा फरक असलेल्या दगडावर आपली जुनी चाल चालेल असं मी धरून चालले, ही पहिली मोठी चूक. पण तिच्याआधी नंदीचं सांगायला हवं.

नंदीची टेकडी १४७८ मीटर उंच. शहरातून निघून उजाडायच्या आत तिथे पोचायचं म्हणजे हेब्बाळचा उड्डाणपूल रात्रीच ओलांडायचा. इतकं करून मी वर गेले ते ‘सोनेरी तास’ डोक्यात घेऊन. फोटोग्राफीच्या प्रत्येक पुस्तकात हा तास असतो. ही पुस्तकं बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतल्या लोकांनी त्यांच्या उन्हाबद्दल लिहिलेली आहेत, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आपण १३ अंश अक्षांशावर राहतो. इथे सूर्य तिरपा रेंगाळत वर येत नाही, जवळजवळ सरळ चढतो. क्षितिजापासून सहा अंशांपर्यंतचा उजेड सोनेरी धरला, तर विषुवदिनाच्या सुमारास तो बेंगळुरूत २५ मिनिटांत संपतो; लंडनला ४०च्या आसपास मिनिटं टिकतो. मी तासाभराच्या हिशेबाने दोन जागा, तीन लेन्सा आणि मधे एक चढण असा बेत आखला होता. पहिल्या जागेवर ट्रायपॉडचे पाय उघडेपर्यंत ऊन पांढरं पडायला लागलं.

हातात काहीच नाही, खाली गाड्यांची रांग, आणि एवढ्या पहाटे उठून आलोय हा राग. त्या रागाच्या भरात मी खिशातला छोटा स्पीकर काढला. नंदीवर पिवळ्या गळ्याचा बुलबुल राहतो. दक्षिण भारतातल्या खडकाळ, झुडपी टेकड्या सोडल्या तर हा पक्षी जगात कुठे नाही, आणि आययूसीएनच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. तो मोठा लाजाळू. झुडपातून आवाज येतो, पक्षी दिसत नाही. सज्जन पक्षीनिरीक्षक अशा वेळी एका दगडावर बसून राहतात. मी त्याचा आवाज मोबाइलवरून वाजवला. तो दोन मिनिटांत समोरच्या फांदीवर हजर! पिसं फुलवलेली, मान वळवून वळवून बघतोय. मी फोटो काढले, पुन्हा वाजवलं, पुन्हा काढले. शेजारी उभ्या असलेल्या दोघांनी विचारलं, त्यांनाही ती फाइल पाठवली.

तो मला भेटायला आला नव्हता. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं समजून हाकलायला आला होता. चारा शोधायचा, घरट्याकडे बघायचं, ते सगळं टाकून तो एका नसलेल्या शत्रूशी भांडत होता, आणि मी त्याला जिंकू देत नव्हते, कारण मला चोच थोडी उघडलेली हवी होती. पुढे त्याच वळणावर दर रविवारी कुणी ना कुणी स्पीकर लावून उभं दिसायला लागलं. फाइल कुठून फिरत फिरत आली हे मी कुणाला विचारलं नाही.

आता सावनदुर्ग. करिगुड्डा आणि बिळिगुड्डा, म्हणजे काळी आणि पांढरी अशा दोन टेकड्या मिळून हा डोंगर झालाय. उंची १२२६ मीटर. पायथ्याशी नरसिंहाचं आणि वीरभद्राचं देऊळ आहे. वर जायला पायऱ्या नाहीत, दगडावर रंगवलेले बाण बघत उघड्या कातळावरून चालत सुटायचं. आमच्या गटात मी एकटी मराठी. त्यामुळे १६३८मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतलं, केंपेगौडा मागडीला सरकला आणि शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आलं, ही कथा मी तिथे पायथ्याशी उभं राहून ऐकवलीच. शहाजीराजांचं नाव निघालं की आम्हां मराठी माणसांना थांबता येत नाही. ऊन चढायच्या आत वर पोचायचं होतं. त्यातला बराच वेळ इतिहासात गेला.

सॅकमध्ये १५०-६०० लेन्स, शिवाय एक मोठी, शिवाय ट्रायपॉड. पायात सह्याद्रीत घसाऱ्यावर उत्तम चालणारे, खोल दातांचे बूट. गुळगुळीत ग्रॅनाइटवर त्या दातांचा उपयोग नाही. तिथे तळवा जितका सपाट टेकेल तितका माणूस टिकतो. हे मला अर्ध्या चढावर कळलं. तिथेच मला तो सरडा दिसला. या खडकांवर राहणारा सरडा एरवी दगडाच्याच रंगाचा असतो, पण विणीच्या दिवसांत नराची पाठ शेंदरी-लाल होते आणि कुशी काळ्याभोर. तो बाणांची वाट सोडून डावीकडे उतरला, मीही उतरले. तो थांबला की मी थांबायचे, त्याने मान हलवली की मी दोन पावलं पुढे. कॅमेऱ्यातून बघताना उतार दिसत नाही. फोटो झाला, मान वर केली, तेव्हा लक्षात आलं की जिथून आले तिथे परत चढता येत नाही, आणि खाली कातळ कुठे संपतोय ते दिसत नाही. एक हात लेन्स धरण्यात अडकलेला. आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं की चढणं सोपं, उतरणं अवघड. मला वाटलं, ते कड्यांबद्दल असतं.

गटात एक निवृत्त बँक अधिकारी आहेत, सगळे त्यांना ‘अंकल’ म्हणतात. ते वरून ओरडले, “फोटो आमेले, मोदलु मेले बारम्मा!” फोटो नंतर, आधी वर ये. पण मी आधी लेन्स सॅकमध्ये नीट भरू पाहत होते. शेवटी त्यांनी आणि आणखी एकाने रोप सोडला, आधी सॅक वर घेतली, मग मला. या सगळ्यात ऊन डोक्यावर आलं. ग्रॅनाइट तापला की खालूनही भाजतो. सावलीला एक झाड नाही. वाट बघत बसलेल्या एका मुलीला चक्कर आली, उलट्या झाल्या, आणि माथ्यावरचा नंदी न बघताच सगळे खाली आले. गाडीत कुणी काही बोललं नाही. सरड्याचा फोटो चांगला आला होता. तो ग्रुपवर टाकायची हिंमत त्या दिवशी झाली नाही. चार दिवसांनी झाली.

रामनगरचा किस्सा त्या मानाने छोटा आहे. रामदेवर बेट्ट्याचे कडे म्हणजे १९७५च्या ‘शोले’तल्या रामगढची पार्श्वभूमी, एवढीच बहुतेकांना ओळख. त्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, म्हणून २०१२मध्ये तिथे गिधाडांसाठी अभयारण्य झालं. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकने देशातली गिधाडं कशी संपत आणली हे मी पाठ म्हणून दाखवू शकते. ते औषध गुरांसाठी २००६मध्ये बंद झालं हेही. आणि तरी कुंपणाशी उभ्या असलेल्या वनखात्याच्या रखवालदाराशी मी दहा मिनिटं हुज्जत घातली, की मला फक्त त्या पलीकडच्या खडकापर्यंत जाऊ द्या, मी निसर्गप्रेमी आहे. तो नुसता हसला. रोज किती निसर्गप्रेमी त्याला भेटत असतील!

हेसरघट्ट्याचं मात्र लांबवून सांगावं लागेल. शहराच्या वायव्येला अर्कावतीवर १८९४मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव आहे आणि त्याच्या बाजूला गवताळ माळ. माळाला बरेच जण ओसाड जमीन समजतात. त्यावर काय काय उभारावं याच्या योजना अधूनमधून निघत आल्या. २०२४मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तो संवर्धन राखीव करायला संमती दिली. हिवाळ्यात भोवत्या पक्षी गवतावरून खालून खालून तरंगत जातात, आणि उन्हाळ्यात चंडोल जमिनीवर घरटी करतात. फोटोवाल्यांच्या गाड्या जिथे रस्ता नाही तिथून माळात घुसतात. आमचीही घुसायची.

एप्रिलची सकाळ. मकळीदुर्ग उतरून आम्ही परतत होतो. हेसरघट्टा ‘वाटेवरच’ आहे असं मी सगळ्यांना पटवलं होतं. तसं ते नाही. अकरा वाजत आलेले, सगळ्यांना भूक लागलेली. “पाच मिनिटं,” म्हणून मी उतरले. गाडी एसी लावून सुरूच ठेवली होती. थोड्या अंतरावरून डोंबारी चंडोल उडाला. नर हवेत वर जाऊन कोलांट्या घेत खाली येतो म्हणून ते नाव. ज्या जागेवरून तो उडाला तिथे गेले, तर गवताच्या एका झुबक्याच्या बुडाशी वाटीएवढा खळगा, कडेला बारीक खडे मांडलेले, आत दोन ठिपकेदार अंडी.

मी घरट्याच्या फोटोंबद्दल वाचलेलं होतं, अगदी अजाण नव्हते. पूर्वी पक्ष्यांचे फोटो बहुतेक घरट्यावरच काढत, कारण तेव्हाच्या लेन्सना दूरचं दिसत नव्हतं. त्यासाठी जवळ लपण उभारायचं, ते दिवसादिवसाने पुढे सरकवायचं, पक्षी बिथरत नाही ना बघायचं. ब्रिटनच्या एरिक हॉस्किंगचा एक डोळा १९३७मध्ये अशाच घरट्यापाशी घुबडाच्या नखांनी गेला, तरी तो पुढे कितीतरी वर्षं पक्ष्यांचे फोटो काढत राहिला. आमच्या याच शहरात टी. एन. ए. पेरुमल यांच्यासारखे लोक फिल्मवर काम करत, जिथे एका रोलमध्ये ३६ फोटो आणि चुकलं की चुकलं. त्यांच्याकडे अवजारं कमी होती आणि सवड भरपूर. माझ्याकडे दूरवरचं पीसही मोजता येईल अशी लेन्स होती आणि पाच मिनिटं. त्यातली दोन संपली होती.

त्या झुबक्याची पाती नेमकी अंड्यांच्या पुढे येत होती आणि त्यांची सावली अंड्यांवर पट्टे उमटवत होती. फ्रेम घाण दिसत होती. मी पाती हाताने बाजूला केली, ती परत आली. मग सॅकच्या वरच्या कप्प्यातून प्रथमोपचाराच्या डबीतली छोटी कात्री काढली आणि पुढची पाती कापली. मागची दोन-चारही कापली. आता अंडी स्वच्छ उजेडात आली. नर-मादी दोघं आळीपाळीने थोड्या अंतरावर उतरत होती, पुन्हा उडत होती. मी पालथी पडून हवे तितके फोटो घेतले. गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा उठले.

बेंगळुरूत २४-२५ एप्रिलच्या सुमारास दुपारी सव्वाबाराला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीला सावली उरत नाही. शाळेतल्या मुलांना घेऊन लोक तो शून्य सावलीचा दिवस साजरा करतात, मीही सोसायटीच्या गच्चीवर केलेला आहे. म्हणजे एप्रिलमध्ये या माळावर सावली ही काय चीज आहे, हे मला नुसतं माहीत नव्हतं, मी पोरांना समजावून सांगितलं होतं. पाखराने तो झुबका बघूनच ती जागा निवडली असणार. आणि झुबका नुसत्या सावलीचाही नसतो. वरून घिरट्या घालणाऱ्या घारीपासून अंडी त्यानेच झाकलेली असतात.

पुढच्या शनिवारी मी एकटी गेले. खळगा सापडला, कारण कापलेली पाती ओळखू येत होती. अंडी नव्हती, टरफलंही नव्हती. इतक्या दिवसांत पिल्लं निघून, वाढून उडून जाणं शक्य नाही. घार, मुंगूस, माळावरची कुत्री, कुणीही असेल. गवत असतं तरी गेली असती असंही असेल. मी हे वाक्य स्वतःशी फार वेळा म्हटलं आहे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणं बसतं. ते मी नंतर वाचलं, आणि वाचून झाल्यावर प्रथमोपचाराच्या डबीतली कात्री काढून स्वयंपाकघरात ठेवली, जणू तिचाच दोष होता.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं, पण त्यानंतरही एक शृंगी घुबड आहेच. शहरापासून जवळच्या एका टेकडीवर, दगडाच्या कपारीत ते दिवसा झोपलेलं दिसलं. फोटो ग्रुपवर टाकला. लोक विचारायला लागले, कुठे, कुठे. प्रत्येकाला वाट समजावण्यापेक्षा सरळ मोबाइलवरून लोकेशनच टाकून दिलं; माझाही वेळ वाचला, त्यांचाही. पुढच्या आठवड्यात तिथे संध्याकाळी टॉर्च आणि फ्लॅश घेऊन माणसं उभी होती. दिवाळी जवळ आली होती, आणि दिवाळीच्या दिवसांत घुबडांना पकडून विकणारे लोकही मोबाइल वापरतात, हे अंकलनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मी लोकेशन काढून टाकलं. ग्रुपवरून काढलेलं काय, आणि लोकांनी आधीच पुढे पाठवलेलं काय. घुबड तिथून गेलं. कुठे गेलं, कसं गेलं, कळलं नाही. टेकडीचं नाव आता तरी लिहीत नाही.

या सगळ्या प्रकारांत मला वेळ कमी पडत होता असं मी समजायचे. खरं तर वेळ दुसऱ्यांचा होता: गाडीत थांबलेल्यांचा, उन्हात बसलेल्यांचा, अंड्यांवरून उठलेल्या पाखराचा. ट्रेकला गटाची एक चाल असते आणि ती सगळ्यांत हळू माणसाला धरून ठरते. फोटो काढणारा त्याहूनही हळू, आणि मधेच अचानक सगळ्यांत वेगवान. अशा माणसाबरोबर चालणं ही शिक्षा आहे. अंकलनी गटात नियम केला, की चढाईच्या दिवशी मोठी लेन्स नाही. नियम सगळ्यांसाठी आहे असं ते म्हणाले, पण बोलताना माझ्याकडे बघत होते.

आता मी ट्रेकला मोबाइल नेते, आणि शिवगंगेला एकदा कॅमेरा लपवून नेला होता तोही पकडला गेला. मोठ्या लेन्ससाठी वेगळी सकाळ ठेवते. तेव्हा डोंगर नाही. लालबागेतला तो तीनशे कोटी वर्षांचा खडक चढायला मला दोन मिनिटं लागतात, तिथे डोक्यावर घारी असतात आणि तळ्याकाठी पाणकावळे. नाहीतर हेसरघट्ट्याच्या डांबरी रस्त्यावर गाडीत बसून, काच खाली करून. गाडीतून उतरायचं नाही हे स्वतःला बजावून ठेवलंय. यात फोटो कमी मिळतात. जे मिळतात त्यांतले बरेच नुसते गवताचे असतात.

चंडोलाच्या अंड्यांचा फोटो मी त्या वर्षी कंपनीच्या छायाचित्र स्पर्धेला दिला होता. रिकामं घरटं बघून आल्यानंतर दिला होता, हे लपवण्यात अर्थ नाही. आता पुष्कळ स्पर्धा घरट्यांचे फोटो घेतच नाहीत. या स्पर्धेत तसा नियम नव्हता. दुसरं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी ‘पार्श्वभूमीची स्वच्छता’ मुद्दाम वाखाणली. फोटो कॅलेंडरवर छापला गेला, पान एप्रिलचं. वर्ष संपलं तरी चहाच्या मशीनपाशी ते कॅलेंडर कुणी काढलं नाही, पानही तेच राहिलं.

गेल्या महिन्यात नाशिकहून एक मुलगा आमच्या टीममध्ये रुजू झाला. नवा कॅमेरा घेतलाय, ट्रेकचीही आवड आहे. कप हातात धरून तो त्या पानासमोर बराच वेळ उभा होता.

“ताई, हा तुमचा ना? सेटिंग काय होतं?”

मी सेटिंग सांगितलं. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ, सगळं आठवतंय.

“पण एवढ्या गवतात अंडी इतकी मोकळी कशी मिळाली?”

“कात्रीने.”

“हां, म्हणजे नंतर क्रॉप केलात,” तो म्हणाला.

मग त्याला खुर्ची ओढायला सांगितली आणि मकळीदुर्ग उतरलो तिथपासून सगळं सांगितलं.